परळ-लालबागच्या कामकरी स्त्रियांचे व्यवसाय व त्यांच्या इतिहासाचीं साधनें

इतिहासाचीं साधनें म्हटलें कीं आपणां संग्राहकांच्या डोळ्यांपुढें सनदा, महजर, करीने, वंशावळी व जमाखर्चाचे रुमाल उभे राहतात. ह्या कागदांत स्त्री येते ती बहुधा वतनाची वारस, दत्तक घेणारी विधवा, देवस्थानास देणगी देणारी राजस्त्री, नाहीं तर खरेदीविक्री झालेली कुणबीण किंवा बटीक म्हणून. आपल्या श्रमाचा रोज घेऊन संसार चालविणारी स्त्री त्यांत क्वचितच सांपडते. आणि सांपडली तरी तिचें काम कोणतें, मोबदला किती, तो कोणाच्या हातीं पडे, हें बहुधा कळत नाहीं. जुन्या काळाविषयींचा हा अंधार आतां फारसा दूर होण्यासारखा नाहीं. परंतु गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांतील कामकरी स्त्रियांचे कागद अद्यापि कांहीं घरांत पडून आहेत, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत रद्दींत जात आहेत. म्हणून एक विशिष्ट वस्ती घेऊन तेथील स्त्रिया कोणकोणते व्यवसाय करीत, त्या व्यवसायांची नोंद कोणी ठेविली व कोणी ठेविली नाहीं, आणि त्या नोंदींवरून कोणता निष्कर्ष काढावा व कोणता काढूं नये, ह्याचें विवेचन करण्याचें आम्ही योजिलें आहे. ती वस्ती म्हणजे मुंबईंतील परळ, लालबाग, नायगांव, शिवडी व वरळी ह्या भागांची. लोक तिला गिरणगांव म्हणतात.

स्थळ

मूळ नगराबाहेर वाढलेल्या वस्तीस अमरकोशांत शाखानगर अशी संज्ञा आहे. आपला उपनगर हा शब्द त्याच अर्थाचा. आज मुंबईचें उपनगर म्हटलें म्हणजे माहीम व शीव ह्यांच्या उत्तरेकडील प्रदेश समजतात. परंतु कोट व त्यालगतची दाट वस्ती एवढेंच जेव्हां शहर होतें, तेव्हां परळ हेंच उपनगर होतें. मुंबईच्या गव्हर्नरांचा तेथें बागेसह वाडा होता. १८८० नंतरच्या दशकांत गव्हर्नरांनीं तें ठिकाण सोडलें, आणि १८९९ सालीं त्याच वाड्यांत हाफकिन ह्यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. गव्हर्नर गेले व धुरांडीं आलीं, हा परळचा थोडक्यांत इतिहास होय.

कावसजी नानाभाई दावर ह्यांनीं सूत काढण्याची व कापड विणण्याची कंपनी १८५४ सालीं स्थापन केली व १८५६ त ताडदेव येथें त्यांची गिरणी सुरू झाली. पुढील अर्धशतकांत भायखळ्यापासून परळ-वरळीपर्यंत गिरण्या पसरल्या. रत्नागिरी, सातारा वगैरे जिल्ह्यांतून माणसें आलीं. त्यांत पुरुष एकटे येत व बायकामुलें गांवीं ठेवीत. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबई शहरांत दर हजार पुरुषांमागें स्त्रिया सुमारें सव्वापांचशेंच होत्या. हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा, कारण येथील स्त्रियांच्या एका मोठ्या व्यवसायाचें मूळ त्यांत आहे.

सूत्राध्यक्षाचें प्रकरण

सुताच्या कामावर लाविलेल्या स्त्रियांचें आपल्या वाङ्मयांतील एक प्रसिद्ध वर्णन कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सूत्राध्यक्षाच्या प्रकरणांत आहे. हा ग्रंथ शतकानुशतकें नांवानेंच माहीत होता. एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास दिलेल्या पोथीवरून शामशास्त्री ह्यांनीं तो ओळखला व १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. एक पोथी वांचली म्हणून एक सबंध शास्त्र हातीं आलें, हें संग्राहकांस निराळें सांगावयास नको.

त्या प्रकरणांत कताईचें काम कोणास द्यावें ह्याची यादी आहे: विधवा, व्यंग असलेल्या स्त्रिया, कन्या, प्रव्रजिता, दंडाची फेड श्रमानें करणाऱ्या, रूपाजीवांच्या माता, वृद्ध राजदासी आणि देवसेवेंतून निवृत्त झालेल्या देवदासी. सूत बारीक, जाडें कीं मध्यम, व तें किती निघालें, हें पाहून वेतन ठरवावें असा नियम आहे. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांकडे अध्यक्षानें आपल्या दासी पाठवून काम पोंचवावें. ज्या स्वतः पहाटे सूत्रशाळेंत येतील त्यांच्याशीं मालाची व वेतनाची देवघेव तेथेंच करावी, आणि दिवा असावा तो केवळ सूत पाहण्यापुरता. स्त्रीच्या मुखाकडे पाहणाऱ्यास किंवा तिच्याशीं भलत्या गोष्टी बोलणाऱ्यास पूर्वसाहसदंड, व वेतनास विलंब लावणाऱ्यास मध्यमसाहसदंड सांगितला आहे. उलट, वेतन घेऊन काम न करणारीस अंगठ्याचें बोट तोडण्याची शिक्षा आहे.

ह्यांतील तीन गोष्टी पुढें उपयोगी पडतील: वेतन कामाच्या नगावर, घरांत बसून करावयाचें काम निराळें व बाहेर जाऊन करावयाचें निराळें, आणि देखरेख करणाराकडून होणाऱ्या उपद्रवाची जाणीव. चौथीही एक आहे. हें सारें अध्यक्षाच्या बाजूनें लिहिलेलें आहे. सूत काढणारीच्या हातची एकही ओळ आपणांस उपलब्ध नाहीं.

गिरणींतील खातीं

मुंबईच्या गिरण्यांत स्त्रिया सर्व खात्यांत नव्हत्या. बहुतेक स्त्रिया रीलिंग व वाइंडिंग ह्या दोन खात्यांत असत. थोड्या रद्दी कापूस निवडण्याच्या वगैरे किरकोळ कामांवर. रीलिंग म्हणजे बॉबिनींवरील सूत फिरत्या चक्रावर घेऊन त्याच्या लडी पाडणें. १२० वारांचा एक असे सात भाग मिळून ८४० वारांची एक लड होते, आणि एका रत्तलांत जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. वाइंडिंग म्हणजे विणकामासाठीं तेंच सूत मोठ्या बॉबिनींवर किंवा कोनांवर भरणें. दोन्ही कामें बहुधा नगावर, म्हणजे जितकें उतरेल तितकी मजुरी अशा रीतीचीं होतीं. सूत्राध्यक्षाच्या नियमाचें येथें वाचकांस स्मरण होईल.

ह्या खात्यांवर नायकीण असे. पुरुषांच्या खात्यांत जॉबरचें जें स्थान तेंच येथें तिचें. कामावर घेणें तिच्या मार्फत, काढणें तिच्या सांगण्यावरून, आणि त्याबद्दल दस्तुरी घेण्याची चाल. मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं नेमलेल्या रॉयल कमिशनचा अहवाल १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. नायकिणींची ही पद्धति त्या चौकशीपुढें आली होती. गिरणगांवांतील स्त्रियांच्या व्यवसायांत अधिकाराचा असा हा एकच व्यवसाय दिसतो, आणि तोही ज्या स्त्रियांवर चाले त्यांच्याच खिशांतून पोसला जाई.

कायद्यांचा क्रम असा. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यांत स्त्रियांच्या तासांवर मर्यादा नव्हती. १८९१ च्या कायद्यानें ती अकरा तास ठरली. १९२२ च्या कायद्यानें आठवड्याचे साठ तास झाले, व १९३४ च्या कायद्यानें स्त्रियांस दिवसाचे दहा तास आणि सायंकाळीं सातपासून सकाळीं सहापर्यंत मनाई असा नियम आला. ह्या चळवळीच्या आरंभीं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८९० च्या एप्रिलांत साप्ताहिक सुटीसाठीं गिरणीकामगारांची मोठी सभा भरविली. त्या सभेंत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या असें वृत्तांतांत येतें. लोखंड्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. त्या दोघींचीं नांवें मात्र आमच्या पाहण्यांत आलेल्या कोणत्याही वृत्तांतांत नाहींत.

तान्हें मूल असलेल्या स्त्रीची अडचण ह्या तासांच्या हिशेबांत बसत नसे. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स ह्या स्त्री-डॉक्टरांनीं सरकारतर्फे जी पाहणी केली तींत, कामावर जातांना मुलास अफूची बाळगोळी देऊन निजविण्याची चाल फार पसरलेली असल्याचें दाखविलें. पुढें आसवले ह्यांनीं मुंबई कायदेकौन्सिलांत प्रसूतिभत्त्याचें बिल आणिलें. १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं त्याच्या बाजूनें भाषण केलें. आणि १९२९ सालीं मुंबई इलाख्याचा कायदा झाला. हिंदुस्थानांतील ह्या प्रकारचा तो पहिला कायदा होय. रोज आठ आणे व एकंदर सात आठवडे असा तो भत्ता होता.

गिरणींतून स्त्रिया कमी कां झाल्या

१८८० नंतरच्या दशकापासून १९३० पर्यंत मुंबईच्या गिरण्यांत शेंकडा वीस ते पंचवीस स्त्रिया होत्या. १९३९ च्या सुमारास हें प्रमाण शेंकडा पंधरावर आलें, व स्वातंत्र्यानंतर तें सतत घटत गेलें. ह्याचीं कारणें गुंतागुंतीचीं आहेत. मुंबईचें लडींचें सूत चीनला फार जात असे. जपानच्या स्पर्धेनें तो व्यापार बसला व रीलिंगचें कामच आटलें. वाइंडिंगमध्यें अधिक वेगाचीं यंत्रें आलीं, आणि एकीच्या हातून तिघीचौघींचें काम होऊं लागलें. रात्रपाळ्या वाढल्या, व रात्रीं स्त्रियांस मनाई असल्यानें फिरत्या पाळीच्या खात्यांत पुरुष घेणें मालकांस सोयीचें झालें. प्रसूतिभत्त्याचा बोजा मालकांवरच होता, हेंही कारण सांगतात. स्त्रियांच्या रक्षणासाठीं केलेले नियम त्यांना कामावरून दूर ठेवण्यास निमित्त झाले, हें कटु असलें तरी खरें आहे. तेवढ्यावरून ते नियम वाईट होते असें म्हणतां येत नाहीं. अफूच्या गोळीवर निजणारें मूल ज्यानें डोळ्यांपुढें आणलें, त्याला तसें म्हणवणार नाहीं.

घरांत राहून केलेले व्यवसाय

गिरणींतून स्त्री गेली म्हणजे ती मिळवती राहिली नाहीं, असा अर्थ आंकड्यांवरून सहज निघतो. आमच्या मतें तो चुकीचा आहे. एकट्या पुरुषांची संख्या जेथें एवढी मोठी तेथें त्यांना जेवूं घालणें हाच मोठा धंदा होता. चाळींतील एका खोलींत पांच-दहा किंवा त्याहूनही अधिक माणसांना दोन वेळ जेवण घालणारी ती खाणावळवाली. पाळीच्या वेळेप्रमाणें चूल पेटवावयाची, वाण्याकडून धान्य उधार आणावयाचें, आणि महिन्याच्या पगारानंतर जेवणाऱ्यांकडून पैसे घेऊन वाण्याची उधारी फेडावयाची, असा हा व्यवहार. संप झाला कीं जेवणाऱ्यांचे पैसे थकत, पण चूल चालूच ठेवावी लागे. १९२८ चा सार्वत्रिक संप सहा महिन्यांच्या आसपास चालला. तेवढे दिवस कामगार तग धरूं शकले, ह्यांत ह्या उधारीचा वांटा आहे. संपाच्या इतिहासांत पुढाऱ्यांचीं भाषणें येतात. ही उधारी क्वचितच येते.

ह्या धंद्यास संस्थेचें रूप १९७५ सालीं आलें. प्रेमा पुरव ह्यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून खाणावळवाल्यांस बँकांचीं कर्जें मिळवून दिलीं. तोंवर सावकार व वाणी हेच त्यांचे भांडवलदार होते.

खाणावळीखेरीज दुसरेही व्यवसाय होते. वरळी कोळीवाड्यांतील कोळणी मासळी विकीत, व अद्यापि विकतात. भाजीवाल्या, दळणें-कांडणें करणाऱ्या, सुइणी, दुसऱ्यांचीं मुलें संभाळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या, धुणीं-भांडीं करणाऱ्या अशा स्त्रिया चाळीचाळींतून होत्या. ह्यांतील बहुतेकींच्या हातीं कोणत्याही मालकानें शिक्का मारलेला कागद दिला नाहीं.

दवाखाने, शाळा व नगरपालिका

१९२६ सालीं परळ येथें के. ई. एम. रुग्णालय व नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह हीं दोन मोठीं रुग्णालयें उघडलीं. त्यांमुळें परिचारिका, दाया, आया व सफाईकामगार स्त्रिया असा एक नवा पगारी वर्ग ह्या भागांत उत्पन्न झाला. नगरपालिकेच्या शाळांतील शिक्षिका व रस्ते झाडणाऱ्या स्त्रिया ह्याच प्रकारच्या. ह्या वर्गाची नोंद चांगली आहे, कारण नेमणूक, रजा, बढती व निवृत्तिवेतन ह्यांपैकीं कांहीं ना कांहीं कागदावर येतें. ह्यावरून एक नियम दिसतो. जेथें धन्यास हिशेब द्यावा लागतो तेथें कामकरणीचें नांव राहतें. जेथें ती स्वतःच धनीण तेथें नांव राहत नाहीं.

खानेसुमारीचे शब्द

आंकडे वापरतांना सदरांचे अर्थ पाहणें अगत्याचें आहे. १९०१ ते १९२१ च्या खानेसुमाऱ्यांत लोकांचे काम करणारे व आश्रित असे दोन भाग केले होते. १९३१ त मिळवते, काम करणारे आश्रित व काम न करणारे आश्रित असे तीन केले. दहा वर्षांत स्त्री तीच, चूल तीच, जेवणारीं माणसें तेवढींच. पण तिचें सदर बदललें. त्यांत गणना करणारा दाराशीं उभा राहून प्रश्न विचारी तो बहुधा घरांतील पुरुषास. सहा माणसांस जेवूं घालणाऱ्या बायकोचें काम तो काय सांगणार? घरकाम. तेव्हां दोन खानेसुमाऱ्यांतील स्त्रियांच्या आंकड्यांची नुसती वजाबाकी करून कामकरी स्त्रिया वाढल्या किंवा घटल्या असें लिहिणें धोक्याचें आहे. पोथीचा पाठ लावितांना आपण लेखकाची संवय व लिपीचें वळण पाहतों. आंकड्यांच्या बाबतींतही तीच सावधगिरी पाहिजे.

कागदांचें महत्त्व

हा केवळ विद्वानांच्या वादाचा प्रश्न नाहीं. १९८२ च्या जानेवारीच्या १८ तारखेस दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुढें गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठीं घरें बांधण्याची योजना झाली, आणि १ जानेवारी १९८२ रोजीं किंवा त्यानंतर कामावर असलेल्या कामगारांस व त्यांच्या वारसांस त्यासाठीं पात्र धरलें. २०१२ सालीं ह्या योजनेची मोठी सोडत निघाली. पात्रता सिद्ध करावयाची ती कागदानेंच: तिकीट क्रमांक, हजेरी, भविष्यनिर्वाहनिधीची पावती, राज्य विमा योजनेचें कार्ड, सेवेचा दाखला. चाळीस वर्षें ट्रंकेच्या तळाशीं पडलेल्या चिठोऱ्यास एकाएकीं घराची किंमत आली. वतनाच्या तंट्यांत जुन्या महजराचें जें मोल, तेंच ह्या तिकिटाचें.

परंतु ज्या स्त्रीनें त्या कामगारांस वीस वर्षें जेवूं घातलें, तिच्याजवळ तिकीट नव्हतें. मृत नवऱ्याची वारस म्हणून तिला मागणी करतां येई. स्वतःच्या श्रमाच्या नांवानें येत नसे. गिरणी चालली ती सुतावर, कोळशावर व तिच्या भाकरीवर. पहिल्या दोहोंचा हिशेब गिरणीच्या वह्यांत आहे, तिसऱ्याचा नाहीं. कागदाचा अभाव म्हणजे हक्काचा अभाव, हा आपल्या वतनदारी इतिहासांतील जुनाच न्याय येथें पुन्हां दिसतो.

काय जतन करावें

ह्या सर्व विवेचनाचा उद्देश संग्राहकांच्या हातून कांहीं घडावें हा आहे, म्हणून शेवटीं व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. खाणावळीची वही मिळाल्यास ती सर्वांत मोलाची समजावी. तींत जेवणाऱ्यांचीं नांवें, कधीं त्यांचीं गांवें, खाडे, बाकी व धान्याचे भाव एकत्र सांपडण्याचा संभव असतो. जुन्या वह्यांत हिशेब मोडींतही असूं शकेल, तेव्हां मोडी वाचणाऱ्या सभासदांनीं त्यांकडे तुच्छतेनें पाहूं नये. त्याखालोखाल वाण्याचें उधारीचें पुस्तक, भिशीची यादी, गहाणाची चिठ्ठी, प्रसूतिभत्त्याचा अर्ज, पगाराचें पाकीट, सुइणीची नोंद, युनियनची पावती. सही नसून अंगठा असेल तर तो कागद कमी प्रतीचा मानूं नये; अंगठा हीच त्या स्त्रीची स्वहस्तलिखित साक्ष होय.

असे कागद एकेक सुटे काढून विकत घेऊं नयेत. एका घरचे सर्व कागद ज्या क्रमानें निघाले त्या क्रमानें एकत्र बांधावेत, व कोणत्या भागांतून, कोणत्या सालीं, कोणत्या परिस्थितींत मिळाले हें वेष्टनावर लिहावें. ट्रंकेतून वही कोणाच्या लुगड्याखालीं निघाली ही गोष्टही नोंदण्यासारखी असते. आणि घरांत वृद्ध स्त्री असेल तर कागद उचलण्यापूर्वीं तिच्याजवळ बसून प्रत्येक नांव कोणाचें तें विचारून घ्यावें. कागद पुढेंही वाचतां येईल, ती पुढें भेटेलच असें नाहीं. पार्वतीबाई भोर व उषाबाई डांगे ह्यांच्यासारख्या चळवळींतील स्त्रियांच्या आठवणी पुस्तकरूपानें आल्या आहेत. चळवळींत न आलेल्या हजारों स्त्रियांचें पुस्तक म्हणजे ह्या वह्याच.

राजवाड्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां जुन्या वाड्यांतील दप्तरें वाळवीच्या व रद्दीवाल्याच्या स्वाधीन होत होतीं. जें हातीं लागलें तें त्यांनीं व त्यांच्या मागून आलेल्यांनीं उचललें म्हणून आज आपण मराठेशाहीविषयीं साधार बोलूं शकतों. परळ-लालबागच्या चाळी पाडून तेथें उंच इमारती उभ्या राहत आहेत. एक खोली रिकामी करावयास एक दिवस पुरतो, आणि त्या दिवशीं भांडीं व कपडे नेले जातात, कागद राहतात. सभासदांपैकीं ज्यांचे त्या भागांत आप्त आहेत त्यांनीं तो दिवस येण्यापूर्वीं तेथें जावें, एवढी आमची विनंती आहे.